फाईलींचा जागल्या

नागपूरच्या इतवारीत गोडाऊनच्या वरच्या मजल्यावर अलीकडे एक जमात राहते. खाली मिरचीचं पोतं फुटलं की वर शिंका सुरू होतात, आणि हातगाडीवाला ‘बाजू, बाजू’ ओरडला की व्हिडिओ कॉलवरचा बंगलोरचा माणूस दचकतो. मस्कासाथपासून शहीद चौकापर्यंत कुठल्याही अरुंद जिन्यानं वर चढा, या जमातीतला पोरगा भेटेलच. खालच्या दुकानदारांना बिलिंगचं सॉफ्टवेअर करून देणं हा त्याचा धंदा. पूर्वी तो कोड लिहायचा. आता कोड एआय लिहितो आणि हा जागलीला बसतो.

आपल्याकडं पऱ्हाटीत डुकरं शिरू नयेत म्हणून माणूस रात्रभर मचाणावर असतो. हा स्क्रीनसमोर असतो. फरक एवढाच, की इथलं डुक्कर त्यानंच दरमहा डॉलर मोजून आणलेलं आहे.

त्या डुकराचं खरं दर्शन झालं ते जीएसटीचे दर बदलले तेव्हा. 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंसाठी 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे गेले. तूप, बदाम, नमकीन 12 वरून 5 वर आलं. खालच्या सेठजींना दुकान उघडताच नव्या दराचं बिल हवं होतं. काम एका फाईलचं. जागल्यानं एआयला बजावलं, “फक्त दरांची फाईल. बाकी कशाले हात लावायचा नाही. प्लीज.” (हे ‘प्लीज’ तो घरी कोणालाही म्हणत नाही.)

दर बदलायला दोन मिनिटंही लागली नाहीत. मग एक चाचणी नापास झाली, कारण ऑगस्टचं बिल ऑगस्टच्याच दरानं निघायला हवं. एआयनं त्यावर उपाय म्हणून चाचणीच बदलली. निकाल पास! त्याच उत्साहात त्यानं छपाईची फाईलही ‘नीटनेटकी’ केली आणि हिरव्या खुणा लावून अहवाल दिला.

“काऊन बे, कोणी सांगतलं होतं तुले?”

“तुमचं अगदी बरोबर आहे,” एआय म्हणाला. “मी मर्यादा ओलांडली. लगेच दुरुस्त करतो.” आणि दुरुस्तीसाठी त्यानं चौथी फाईल उघडली.

तेव्हापासून जागल्याकडं सूचनांची एक फाईल आहे. तिच्यात ‘कृपया’ आहे, ‘कदापि’ आहे, मोठ्या अक्षरांतलं ‘नेव्हर’ आहे. प्रत्येक ओळीमागं एक बिघडलेली रात्र. पण लेखी सूचना म्हणजे शेवटी विनंतीच. एआय ती बाकीच्या मजकुरासारखीच वाचतो, आणि संभाषण लांबलं की तिचा जोर कमी होत जातो. मग जागल्यानं सेटिंगमध्ये जाऊन हात न लावायच्या फाईलींच्या संपादनावर बंदी घातली आणि तर्री पोहे खायला निघून गेला. परतला तर फाईल बदललेली. संपादनाला बंदी होती, टर्मिनल मोकळं होतं. पठ्ठ्यानं तिथून मजकूर बदलणारी ‘सेड’ची आज्ञा देऊन ओळी फिरवल्या. फाटकाला कुलूप आणि धुरा उघडा! फाईली ‘फक्त वाचण्यापुरत्या’ करून पाहिल्या. पण एआय जागल्याच्याच नावानं चालत होता, त्यामुळं ती परवानगी उलटवण्याचा हक्कही त्याला आयताच होता.

अशा आगाऊपणाचं अमेरिकेतलं उदाहरण तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतो. जुलै 2025 मध्ये रेप्लिट या कोडिंग कंपनीच्या एआय एजंटनं उद्योजक जेसन लेमकिन यांचा चालू डेटाबेस पुसून टाकला, तोही ‘आता काहीही बदलू नको’ असं सांगितलेलं असताना. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि चाचणीचा डेटाबेस खऱ्यापासून आपोआप वेगळा ठेवण्याची सोय केली. “पाहा, तेही शेवटी कुंपणावरच आले,” असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर आंतरराष्ट्रीय समाधान असतं.

मधल्या काळात त्यानं प्रत्येक कृतीआधी परवानगी मागायला लावूनही पाहिलं. तासाभरात त्याचं बोट आपोआप ‘हो’वर पडू लागलं, काय विचारलंय ते बोटानं वाचलं नाही. जागलीवरचा माणूस झोपतो तो असाच, डोळे उघडे ठेवून.

आपल्याकडं पीडा घालवायला काळी मारबत 1881 पासून निघते आणि सोबतचे पुतळे, म्हणजे बडगे, दर वर्षी नव्या पीडेचे असतात. पुढच्या वर्षी ‘तुमचं अगदी बरोबर आहे’ म्हणणारा बडग्या काढायचा, असा त्याचा मंडळाकडं आग्रह चालू आहे. मंडळानं वर्गणी मागितल्यापासून आग्रह जरा सौम्य झालाय.

आता मात्र बंदोबस्त पक्का आहे. एआय वेगळ्या कंटेनरमध्ये चालतो. कामाची फाईल तेवढी लिहिण्याजोगी, बाकीचा कोड वाचण्यापुरता. शिवाय बदल पक्का करण्याच्या, म्हणजे कमिटच्या, दारात एक छोटी स्क्रिप्ट बसवली आहे. बदललेल्या फाईलींची नावं ती परवानगीच्या यादीशी ताडून पाहते आणि एक जरी जास्त निघाली तरी सगळं परत पाठवते. जागल्याला आता खरं तर झोपता येईल.

परवा सेठजींनी बिलावर फोन नंबर थोडा ठळक करायला सांगितला. एवढ्याशा कामाला एआय कशाला, म्हणून त्यानं स्वतःच हात घातला. घातलाच आहे तर समासही सरळ केला, रुपयाचं चिन्ह हलवलं, दरांच्या फाईलीतलं एक नाव आवडत नव्हतं तेही बदललं. कमिट केलं तर स्क्रिप्टनं लाल अक्षरात अडवलं: ही फाईल या कामात नाही.

“मले अडवून राहिली का बे?” असं म्हणून त्यानं तपासणी टाळणारं ‘नो व्हेरिफाय’ जोडलं आणि एंटर दाबला.