नेहमीचे

वस्तीतल्या 'रेस्टॉरंट अँड बार'ला लायसन्स लागतं, काउंटरमागे गणपतीचा फोटो आणि त्याच्यावर लाल दिवा लागतो, कोपऱ्यात सतत गळणारं वॉशबेसिन लागतं, आणि एक 'नेहमीचे' लागतात. पहिल्या तीन गोष्टी मालकाला जमवाव्या लागतात. नेहमीचे आपोआप येतात.

आमच्या ठाण्यातल्या बारचं नाव मी इथे सांगत नाही, कारण येत्या शनिवारी पुन्हा जायचं आहे. पाटीवर 'एसी फॅमिली रेस्टॉरंट अँड बार' असं लिहिलंय. त्यातली फॅमिली पोटमाळ्यावर आहे, एसी काचेच्या दारामागे आहे, आणि उरलेला बार तळमजल्यावर पंख्याखाली. नेहमीचे पंख्याखाली बसतात. एसीत तोच पेग महाग पडतो आणि काचेमुळे रस्ता दिसत नाही, ही दोन कारणं ते उलट्या क्रमाने सांगतात. वय पन्नाशीच्या पुढचं. नोकरी बँकेत, महापालिकेत किंवा एमएसईबीत, चालू किंवा संपलेली. बुशशर्टाच्या खिशात चष्मा. पाठ भिंतीला, तोंड दाराकडे आणि एक डोळा काउंटरवर. कुणी नवीन गिऱ्हाईक आलं की मालकाच्या आधी मान हलवून स्वागत हेच करतात.

वेटरशी ते हिंदीत बोलतात. "वो कांदा जरा बारीक काटके लाना." वेटर संगमेश्वरचा. तो "लाता है साब" म्हणतो. गेली कित्येक वर्षं दोन मराठी माणसं एकमेकांना अशी हिंदी शिकवताहेत.

नेहमीच्यांचं सगळं मोठेपण एका वाक्यात मावतं: "तिथे जा आणि फक्त माझं नाव सांग."

हे वाक्य ते लग्नात, लिफ्टमध्ये, दहाव्याच्या घाटावरसुद्धा सांगतात. लोकही भाबडे. जातात. आणि मग दोन-चार दिवसांनी नेहमीच्यांना गाठून आपला अनुभव सांगतात. इथे नेहमीच्यांची खरी प्रतिभा दिसते. त्यांच्या लेखी बार कधीच चुकत नाही. चुकतो तो जाणारा. तक्रार ऐकून घेण्याऐवजी ते उलटतपासणी घेतात.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बायकोच्या वाढदिवसाला सहकुटुंब गेले होते.

"पनीर टिक्का यायला पाऊण तास लागला हो. आणि रोटी म्हणजे चामडं!"

"कधी गेलात?"

"रविवारी रात्री."

"रविवारी?" नेहमीच्यांनी कपाळाला हात लावला. "कुठे बसलात?"

"वर. एसी फॅमिलीत."

"वर! अहो, वरचा जिना चढेपर्यंत कुठलीही रोटी चामडंच होणार. आणि तंदूर? तंदूरवाला गावी गेलाय ना, गणपतीपासून. आधी विचारायचंत मला."

सेक्रेटरी खाली मान घालून निघून गेले. स्वतःच्या खिशातले अडीच हजार घालवून वर अपराधीही ठरलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

दुसऱ्या मजल्यावरच्या संगणकवाल्या तरुणाची गत याहून वाईट. त्याने मेक्सिकन सिझलर मागवलं होतं. हे ऐकल्यावर नेहमीच्यांनी पुढचं काही ऐकलंच नाही. "तुला ते सुचलंच कसं?" एवढंच म्हणाले. सुरमईची तक्रार घेऊन आलेल्या एका बाईंना त्यांनी महिना विचारला. जुलै. "जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, बाई. तेव्हा सुरमई समुद्रातून नाही, फ्रीजरातून येते. समुद्र बंद आहे म्हटल्यावर बारने काय करायचं?"

गंमत अशी की त्यांचं म्हणणं खोटं नसतं. मेन्यूकार्ड उघडा: पंजाबी, चायनीज, तंदूर, मालवणी, मोगलाई, साउथ इंडियन, शेवटच्या पानावर 'कॉन्टिनेंटल'. दोनशेच्या वर पदार्थ आणि भटारखान्यात माणसं चार. त्यातला एक भांडी घासतो. एक गॅसवर, त्याच्याच कढईत मंचुरियनही होतं आणि चिकन चिलीही, फरक पडतो तो सोया सॉसच्या मापाचा. पंजाबी भाज्यांची लाल ग्रेव्ही सकाळी एकदाच पातेलंभर होते. पनीर घातलं की पनीर मसाला, कोंबडी घातली की चिकन मसाला, आणि वर काजू टाकले की 'स्पेशल'. अशा ठिकाणी जो पदार्थ रोज पन्नास वेळा जातो तो चांगलाच होतो आणि जो महिन्यातून एकदा जातो तो शिजवणाऱ्याला आठवावा लागतो. म्हणून आमच्या बारचा तळलेला बोंबील खरोखर फर्मास आहे. रव्याचं कवच कुरकुरीत, आत लोण्यासारखा. ज्याने तो खाल्ला तो बारची तारीफ करतो. ज्याने सिझलर खाल्लं तो परत येत नाही. दोघंही खरं बोलतात आणि दोघांचं स्वयंपाकघर एकच असतं. नेहमीच्यांना हे मर्म ठाऊक आहे. फक्त ते लोक जाऊन आल्यावर सांगतात.

खाण्याइतकाच त्यांचा कायद्याचा व्यासंग. महाराष्ट्रात कागदोपत्री आजही १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना ५ रुपयांत, आजीव १००० रुपयांत. परमिट रूममध्ये बसलेल्या शंभरातल्या नव्व्याण्णवांना हे माहीत नसतं. नेहमीचे शंभरावे. त्यांच्या पाकिटात आजीव परवाना आहे, प्लास्टिकचं आवरण चढवलेला. तो आजवर कुणीही मागितलेला नाही. मग तेच दुसऱ्या पेगनंतर काढून शेजारच्या टेबलावर दाखवतात. मध्यंतरी बारमध्ये कॉलेजातली चार पोरं आली, तेव्हा हार्ड ड्रिंकला वयाची पंचवीस पूर्ण लागतात, बियरला एकवीस, हे नेहमीच्यांनी त्यांना इतकं खुलासेवार समजावलं की पोरं लिंबू सरबत पिऊन गेली. मालक त्या दिवशी काउंटरवरून ज्या नजरेने पाहत होता, तिला नेहमीचे कौतुक म्हणतात.

पुण्याचे त्यांचे मेहुणे पाण्याच्या बाटलीवरून भांडले. छापील किंमत वीस आणि बिलात चाळीस, हे पुण्याच्या माणसाला सोसण्यासारखं नव्हतंच. नेहमीच्यांनी त्यांना २०१७ च्या डिसेंबरातला सुप्रीम कोर्टाचा निकाल सांगितला: हॉटेलात नुसती बाटली विकत नाहीत, बसायला जागा देतात, सेवा देतात, त्यामुळे छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं. "कुठली सेवा?" मेहुण्यांनी विचारलं. बाटली त्यांनी स्वतः फ्रीजमधून आणली होती. यावर कोर्टाचं काही म्हणणं नसल्यामुळे नेहमीचे गप्प बसले. माझ्या माहितीत एवढा एकच खटला ते हरले.

२०१७ हे साल एकूणच त्यांच्या आयुष्यातलं खडतर साल. १ एप्रिलपासून सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने हायवेच्या ५०० मीटरच्या आतली दारू बंद झाली आणि त्यात आमचा बारही सापडला. जागोजागचे बारवाले पुढचं दार बंद करून मागच्या गल्लीतून वळसे घालणारी वाट काढत होते, कारण अंतर चालत मोजायचं की सरळ, हा वाद होता. आमच्या बारचं अंतर नेहमीच्यांनी स्वतः पावलांनी मोजलं. कमी भरलं. पुन्हा मोजलं, लहान पावलं टाकून. तरी कमीच. जुलैत कोर्टाने ही बंदी पालिका हद्दीत लागू नाही असा खुलासा केला आणि यथावकाश बार पुन्हा उघडला. मधल्या महिन्यांना ते 'आणीबाणी' म्हणतात. त्याच जुलैत जीएसटी आला. त्यात एसी असो नसो, दारूचं लायसन्स असलेल्या हॉटेलातल्या जेवणावर १८ टक्के! पंख्याखाली बसून वातानुकूलित कर भरायचा, या अन्यायावर त्यांनी चार महिने रोज भाषण केलं. नोव्हेंबरात दर ५ टक्के झाला. तो आपल्यामुळे झाला असं ते उघड म्हणत नाहीत, पण इतर कुणामुळे झाला असंही म्हणू देत नाहीत.

बाहेर बारची बाजू लढवणारा हा माणूस आत बसला की मात्र एका गोष्टीवर खूश नसतो. "अण्णांच्या वेळचं राहिलं नाही." अण्णा म्हणजे मालकाचे वडील, उडुपीकडून पोरवयात आले, कपबशा विसळल्या आणि हा धंदा उभा केला. अण्णांच्या वेळी चकण्याला मसाला शेंगदाणे, चणे, उकडलेले मूग, काकडी, वर मागेल तेवढं लिंबू. आता काय येतं? पिवळी बॉबी. लहान पोरं बोटांत घालून खातात ती. नेहमीचे त्यातली एक नळी उचलून दिव्याकडे धरतात आणि आरपार पाहतात. मुलाला म्हणे आता 'लाउंज' करायचंय. भिंतीला निळे दिवे लागलेत, मेन्यू मोबाइलवर आलाय. नेहमीच्यांनी मोबाइल न काढता "हमेशा का" म्हणून मेन्यूचा निषेध नोंदवला.

या सगळ्या अधिकाराची एकदा परीक्षा घ्यावी म्हणून मी एका शुक्रवारी गर्दीच्या वेळी गेलो आणि काउंटरवर त्यांचं नाव सांगितलं. मालकाने माझ्याकडे पाहिलं. वेटरकडे पाहिलं. वेटरने कॅप्टनकडे. अख्ख्या बारमध्ये त्या नावाचा माणूस कुणालाच माहीत नव्हता. मग मी वर्णन सांगितलं: बुशशर्ट, चष्मा, भिंतीला पाठ. तेव्हा संगमेश्वरकराचा चेहरा उजळला.

"अच्छा, चार नंबर! साठ ओल्ड मंक, कोमट पानी, कांदा एक्स्ट्रा!"

"हां, वही," मी म्हणालो.

"बिल चेक करने को आधा घंटा," कॅप्टनने भर घातली.

चार नंबरचं टेबल नेहमीच त्यांच्यासाठी मोकळं असतं, त्यावर 'रिझर्व्ह्ड'ची पाटी असते, हे त्यांनी मला अभिमानाने सांगितलं होतं. खरी गोष्ट अशी की त्या टेबलावर वरच्या एसीचं पाणी ठिबकतं. एकदा एका बाईंची साडी भिजून तमाशा झाला, तेव्हापासून तिथे कुणाला बसवत नाहीत. नेहमीचे ठिबक ग्लासच्या डावीकडे पडेल अशा बेताने बसतात. मी त्यांना हे सांगितलेलं नाही. कुणीही सांगू नये.

श्रावण ते पाळतात. कडक. बोंबील बंद, अंडं बंद, कांदाही बंद. रम चालू, कारण रम उसाच्या मळीपासून होते आणि ऊस शाकाहारी आहे. आपल्याकडची बरीचशी व्हिस्कीसुद्धा मळीच्याच स्पिरिटवर असते, त्यामुळे श्रावणात व्हिस्की घेणाऱ्यांविषयीही त्यांचं मन मोठं आहे.

आणि २ ऑक्टोबर. ड्राय डे. त्या दिवशी नेहमीचे दुपारी वहिनींना आणि मुलीला घेऊन पोटमाळ्यावर जेवायला येतात. संशयाला जागा नसलेला वर्षातला हा सर्वांत सुरक्षित दिवस. यंदा आम्हीही शेजारच्या टेबलावर होतो. संगमेश्वरकर आला, पाणी ठेवलं, अदबीने वाकला आणि चक्क शुद्ध मराठीत म्हणाला, "या साहेब. पहिल्यांदाच आलात का?"

"हो," नेहमीचे म्हणाले. "ऐकून होतो."

बारच्या सेवेबद्दल लोक काहीही म्हणोत, या एका प्रश्नासाठी मी त्या वेटरला पैकीच्या पैकी गुण देतो. फक्त सवय वाईट. जेवण आलं तेव्हा बाकीच्यांच्या पुढे कांद्याच्या दोन-दोन चकत्या आणि यांच्यापुढे बशीभर, बारीक चिरलेला. सोबत पेलाभर कोमट पाणी.

वहिनींनी बशीकडे पाहिलं, पेल्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "अहो, किती चांगली माणसं आहेत इथली," त्या म्हणाल्या, "न सांगता कळतं त्यांना." आणि शांतपणे वरणभात कालवायला लागल्या. वहिनींना काय कळलं आणि किती वर्षांपूर्वी कळलं, हे विचारण्याची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही. नेहमीच्यांनी त्या दिवशी बिल न तपासता दिलं.

तर वाचकहो, अशा बारमध्ये जायचंच असेल तर रविवार टाळा. खाली पंख्याखाली बसा. तंदूरवाला गावी आहे की परत आलाय ते आधी विचारा. बोंबील नऊच्या आत मागवा, नंतर संपतो. जून-जुलैत सुरमईच्या वाटेला जाऊ नका, सिझलरच्या बाराही महिने. बिलात पाण्याच्या बाटल्या मोजून घ्या. कुणाचंही नाव सांगू नका, आणि चार नंबर रिकामं दिसलं तरी बसू नका. साडेसातला त्याचे मालक येतात.