श्वानासह पुणे पाहू इच्छिणाऱ्या पर्यटकांस अनावृत पत्र

प्रति,
दोन दिवसांत संपूर्ण पुणे पाहून, चमत्कारिक दुकाने धुंडाळून आणि सोबतच्या कुत्र्यालाही हवापालट घडवून परत जाऊ इच्छिणारे समस्त पर्यटक

विषय : प्रेक्षणीय स्थळे, आगळी दुकाने आणि श्वानांना मज्जाव नसलेल्या जागा यांविषयी स्थानिक मत

स. न. वि. वि.

शहर पाहायला निघालेल्या पाहुण्याच्या यादीत हल्ली तीन रकाने असतात, ते म्हणजे पाहण्याजोगी स्थळे, गमतीची दुकाने आणि कुत्र्याला आत घेणाऱ्या जागा. ही यादी हाती धरून तो पेठेतील एखाद्या रहिवाशाला मत विचारतो, तेव्हा त्याला मताऐवजी बहुधा ‘काम काय आहे?’ असा प्रतिप्रश्न ऐकावा लागतो. हा प्रश्न उद्धटपणाचा नमुना म्हणून देशभर सांगितला जात असला, तरी तो मुळात भूगोलाचा प्रश्न आहे. मुठेच्या उजव्या काठावरील कसबा आणि त्याभोवती वाढलेल्या पेठा, म्हणजे व्यापार व वस्ती यांसाठी सरकारी परवानगीने वसवलेले विभाग, हे कामाकरिता निर्माण झाले. एका आळीत भांडी घडत, दुसरीत टोपल्या विणल्या जात आणि ज्याला ज्या वस्तूची गरज असे तो त्या आळीत जाई. नुसते पाहायला येणारा माणूस या व्यवस्थेत बसत नाही. त्यामुळे त्याला पत्ता सांगणाऱ्यापुढे प्रामाणिक अडचण उभी राहते, आणि ती सुटावी एवढ्याच हेतूने प्रस्तुत पत्र लिहिले जात आहे.

प्रथम स्थळांविषयी. शनिवारवाड्याच्या पायाभरणीचा मुहूर्त १० जानेवारी १७३० रोजी झाला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी झाली आणि १८२८ च्या आगीत आतील इमारती नष्ट झाल्या. तेव्हापासून उरले आहेत ते तटाचे दगड, पाच दरवाजे, दिल्ली दरवाजावरचा नगारखाना, कारंज्यांचे हौद आणि जोती, म्हणजे इमारतीचा भार पेलणारे दगडी चौथरे. तिकीट काढून आत गेलेल्या पाहुण्याला मुख्यतः हिरवळ दिसते आणि तिच्यावर पूर्वी काय होते हे वाचावे लागते, म्हणून अनेक पाहुणे निराश होतात; पण या वाड्याची थोरवी नेमकी त्याच्या अनुपस्थितीत आहे, हे त्यांना कोणी आधी सांगितलेले नसते. ज्यांना हे पटत नाही ते १७७३ मध्ये येथे झालेल्या पेशवे नारायणराव यांच्या खुनाकडे वळतात आणि पौर्णिमेच्या रात्री ऐकू येते म्हणतात त्या त्यांच्या हाकेची चौकशी करतात. ज्या सत्ताकेंद्रातून अर्ध्याअधिक हिंदुस्थानचे राजकारण चालले, त्याची आजची कीर्ती एका भुतावर उभी असावी, हा स्थानिकांच्या मते त्या खुनाहून थोडासाच लहान अन्याय आहे.

अनुपस्थितीचे हे तत्त्व एकदा ध्यानात आले की बाकीची स्थळे झटपट उरकता येतात. पानिपतानंतर १७६१ मध्ये उभारलेल्या लकडी पुलात आज लाकडाचा अंश नाही, आणि कागदोपत्री त्याचे नाव संभाजी पूल असले तरी ते उच्चारून रिक्षा थांबवून पाहण्याचा प्रयोग पाहुण्यांनी अवश्य करावा. १८८६ मध्ये रे मार्केट या नावाने सुरू झालेल्या मंडईचा अष्टकोनी मनोरा सुंदर आहे; परंतु त्याहून सुंदर आहे ती तिच्या नामांतराची गोष्ट, कारण नगरपालिकेचे सभासद असताना ज्या महात्मा फुले यांनी या इमारतीवरील खर्चाला विरोध केला आणि तो पैसा शिक्षणासाठी वापरावा असा आग्रह धरला, त्यांचेच नाव पुढे तिला देण्यात आले. विरोधकाचा असा सत्कार करण्याची कला सर्वच शहरांना साधते असे नाही. जंगली महाराज रस्त्यावर आठव्या शतकातील पाताळेश्वराचे लेणे आहे, ते पाहावेच. मात्र स्थानिक मनुष्य लेण्यापेक्षा त्याच्यासमोरच्या रस्त्याचे कौतुक अधिक करतो. १९७० च्या दशकात एका खासगी कंपनीने दहा वर्षे खड्डा न पडण्याची हमी देऊन तो बांधला आणि हमीची मुदत संपून गेल्यावरही तो दीर्घकाळ टिकला, ही घटना येथील सार्वजनिक जीवनात लेणे खोदण्याइतकीच दुर्मीळ मानली जाते.

या साऱ्यांत एक स्थळ मात्र उपरोधाला दाद देत नाही, ते म्हणजे बाजीराव रस्त्यालगतचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर गंगाधर केळकर यांनी, बालवयात गेलेल्या राजा नावाच्या आपल्या मुलाच्या स्मरणार्थ ते उभे केले आणि पुढे शासनाच्या स्वाधीन केले. वस्तू सुमारे वीस हजार. जागेअभावी त्यांतील थोड्याच एका वेळी मांडता येतात. येथे राजमुकुट किंवा तोफा यांना मान नाही, मान आहे तो अडकित्त्यांना, दौतींना, समयांना, फणेरपेट्यांना आणि वज्रीला, म्हणजे न्हाताना टाचा घासण्याच्या धातूच्या घासणीला. आणि ही घासणीसुद्धा कोणा अनामिक कारागिराने मोराच्या किंवा हत्तीच्या आकाराची घडवलेली आहे, हे पाहिल्यावर सौंदर्य आणि उपयोग यांत फरक करणाऱ्या विद्वानांची पंचाईत होते. कोथरूड येथील मस्तानीच्या महालाचे अवशेषही येथे आणून पुन्हा उभे केले आहेत. पर्यटकांच्या यादीत हे संग्रहालय बहुधा ‘वेळ उरल्यास’ या सदरात असते. स्थानिक मत असे की, शनिवारवाडा वेळ उरल्यास पाहावा.

आता दुकानांचा विषय. ज्या दुकानाला पाहुणा गमतीचे म्हणतो ते दुकानदाराच्या दृष्टीने अत्यंत गंभीर असते, आणि तेथील वस्तूची गरज असलेल्या गिऱ्हाइकालाही त्यात काही गमतीचे दिसत नाही. गंमत फक्त ज्याला काहीच घ्यायचे नाही त्याला दिसते. कसबा पेठेतील तांबट आळी हे याचे उत्तम उदाहरण होय. तेथे दिवसभर चालणारा ठोक्यांचा आवाज पाहुण्याला लोकसंगीत वाटतो, पण ते मठारकाम असते. मठारकाम म्हणजे घडवून झालेल्या तांब्याच्या भांड्यावर गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ओळीने ठोके देत जाणे. त्या ठोक्यांनी मऊ धातू कणखर होतो आणि प्रत्येक ठोक्याची खळी प्रकाश परतवत असल्यामुळे भांडे चकाकते. म्हणजे ज्याला नक्षी समजून पाहुणा अधिक पैसे मोजतो तो मुळात मजबुतीचा उपाय आहे. पाणी तापवण्याचे बंब, हंडे आणि घागरी यांची मागणी आटल्यावर या कारागिरांनी दिवे व शोभेच्या वस्तू घडवायला आरंभ केला, ही गोष्ट पर्यटकांच्या पथ्यावर पडली असली तरी ज्या घागरीतून कोणी पाणी पिणार नाही ती घडवताना कारागिराला काय वाटत असेल, हा प्रश्न खरेदीच्या पिशवीत मावणारा नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांना आतून कथलाचा पातळ थर देण्याच्या क्रियेस कल्हई म्हणतात. भांडे तापवून, नवसागराने साफ करून त्यावर वितळलेले कथील फिरवले जाते आणि त्यामुळे आंबट आमटी किंवा ताक धातूला लागून कळकत नाही. कल्हईवाल्याचे छायाचित्र घेणारे पुष्कळ असतात. त्याला भांडे देणारे कमी झाले आहेत.

तुळशीबाग ही बाग नसून एका राममंदिराच्या परिसराभोवती उसळलेली बाजारपेठ आहे, हे पाहुण्याला पहिल्या धक्क्यातच, म्हणजे अक्षरशः पहिल्या खांद्याला खांदा लागताच, कळून येते. येथील भातुकलीची, म्हणजे मुलींच्या खेळातील संसाराची, चिमुकली पितळी भांडी प्रसिद्ध आहेत. जात्यापासून पळी-पंचपात्रापर्यंत सारे काही बोटाएवढे मिळते. स्थानिक बाई येथे एक केसाची पिन घ्यायला जाते आणि सहा पिशव्या घेऊन परतते, म्हणून पाहुण्याने या ठिकाणी काहीच काम नसल्याचे कबूल केले तरी चालते. शहरातील ही एवढीच सवलत. मंगळवार पेठेच्या बाजूस रविवारी आणि बुधवारी भरणारा जुना बाजार हा अधिक तात्त्विक आहे, कारण तेथे किल्ल्या नसलेली कुलपे आणि कुलपे नसलेल्या किल्ल्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात आणि त्यांची जोडी जुळवण्याची जबाबदारी कोणीही घेत नाही. भाव मात्र करावा. न केल्यास विक्रेत्याचा मनापासून हिरमोड होतो. दुपारी बंद राहणाऱ्या दुकानांवर इतके विनोद होऊन गेले आहेत की त्यात भर घालणे अनावश्यक आहे. मालकही माणूस असतो आणि जेवतो, एवढे नमूद करणे पुरे.

शेवटचा आणि सर्वांत नाजूक विषय श्वानांचा. संरक्षित स्मारकांना लागू असलेल्या १९५९ च्या केंद्रीय नियमांत, स्मारकाच्या आवारात बंदूक उडवणे आणि भीक मागणे यांच्याच जोडीने, देखभालीचे कारण नसता कोणताही प्राणी आणणे निषिद्ध ठरवले आहे. शनिवारवाडा या नियमांखाली येतो, त्यामुळे पाहुण्याच्या लॅब्रॅडॉरला दिल्ली दरवाजाबाहेरच थांबावे लागते. त्याच वेळी आतील हिरवळीवर एखादा तपकिरी कुत्रा पाय ताणून झोपलेला दिसला, तर त्यात नियमभंग शोधू नये. त्याला कोणी आणलेले नसून तो तेथील रहिवासी आहे. या रहिवासाला कायद्याचाही आधार आहे, कारण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्याला पकडून त्याची नसबंदी व रेबीजविरोधी लसीकरण केल्यावर सर्वसाधारणपणे त्याच्या मूळ जागी परत सोडायचे असते आणि खूण म्हणून त्याच्या कानाला खाच पाडलेली असते. त्याला तेथून कायमचे हलवले, तर रिकाम्या जागेत नसबंदी न झालेले दुसरे कुत्रे येतात, असे त्यामागील कारण आहे. सारांश, पेठेतील भाडेकरूला मिळत नाही एवढे संरक्षण पेठेतील कुत्र्याला आहे, आणि त्याची त्याला पूर्ण जाणीव असते. प्रत्येक आळीची हद्द तो राखतो. पट्ट्याला बांधलेला, शाम्पूचा वास येणारा परगावचा कुत्रा नारायण पेठेतून कसब्याकडे निघाला, की त्याला प्रत्येक वळणावर ‘काम काय आहे?’ हाच प्रश्न श्वानभाषेत विचारला जातो.

याचा अर्थ शहराला कुत्र्याचे वावडे आहे असा नाही. दत्ताच्या पायाशी चार श्वान असतात आणि परंपरा त्यांना चार वेदांची रूपे मानते. पुण्याहून सुमारे ५० किलोमीटरवरील जेजुरीच्या खंडोबाच्या सोबतीला कुत्रा असतो आणि देवाला वाहिलेले वाघ्ये स्वतःला त्याचेच कुत्रे म्हणवतात. देवाजवळ एवढा मान असलेल्या प्राण्याला सार्वजनिक बागेत मात्र बहुधा फाटकावरूनच परतावे लागते. कॅम्प आणि कोरेगाव पार्क या भागांतील काही उपाहारगृहे कुत्र्यांसाठी पाण्याची वाटी ठेवतात. तेथे कुत्र्याचे स्वागत होते आणि मालकाचे बिल होते. फिरवण्याची खरी जागा म्हणजे टेकड्या, आणि त्यांतही शहरातील सर्वांत उंच असलेली वेताळ टेकडी, जिच्यावर भुतांचा अधिपती मानल्या गेलेल्या वेताळाचे ठाणे आहे. परंतु टेकड्यांवरील बरीच जमीन वनखात्याची आहे, तेथे मोर राहतात, टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि मोकळा सोडलेला लाडका कुत्रा त्यांना लांडग्याहून वेगळा भासत नाही. म्हणून आधी वनखात्याचा फलक वाचावा, प्रवेश असेल तर पट्टा सोडू नये, आणि कुत्र्याने मागे ठेवलेले मालकाने उचलावे. याविषयी पेठा, टेकड्या व कॅम्प यांचे एकमत आहे, जे या शहरात अन्य कोणत्याही प्रश्नावर आढळत नाही.

तरी समस्त पर्यटकांस विनंती, की त्यांनी यादी घरी ठेवावी आणि येताना कुत्र्याच्या लसीकरणाचा दाखला, एक भक्कम पट्टा व कल्हई उडालेले एखादे पातेले एवढे बरोबर आणावे. पातेले हाती असले की कोणीही काम विचारणार नाही, आणि दुकानाचा रस्ता सांगायला माणूस चार पावले सोबतही येईल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

कसबा पेठेतील एक करदाता