बुडणारच आहोत, तर एसी अठरावर ठेवा

हवामान बदल हे थोतांड आहे असं म्हणणारी माणसं सुशिक्षित घरांतून आता जवळजवळ नामशेष झाली आहेत. त्यांची जागा हळहळणाऱ्यांनी घेतली आहे. या मंडळींना सगळं ठाऊक असतं: हिमनद्या किती आटल्या, मुंबई कधी बुडणार, कोकणातला मोहोर का गळतो. एवढ्या ज्ञानाचा निष्कर्ष मात्र एकच, 'आता काही होणार नाही.' निष्कर्ष मोठा सोयीचा आहे, कारण काही होणार नसेल तर काही करायलाही नको. थोतांड म्हणणाऱ्यानं एसी अठरावर ठेवला तर तो अडाणी. हळहळणाऱ्यानं ठेवला तर संवेदनशील. मीटर मात्र दोघांचं सारखंच पळतं. एसीवर तारे चिकटवणारा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो की तापमान एका अंशानं वाढवलं तर सुमारे 6 टक्के वीज वाचते. 2020 पासून तारांकित एसी सुरू होताना 24 वरच असावा, असा नियमही आहे. पण जगबुडीची चिंता वाहणाऱ्याला रिमोटसारख्या क्षुद्र वस्तूकडे बघायला सवड कुठून असणार!

'माझ्या एका दिव्यानं काय होणार?' हा या पंथाचा मूलमंत्र. दिव्याचं उदाहरण त्यांनीच निवडलं, हे बरं झालं. जानेवारी 2015 मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीनं एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी केली आणि खरेदीचा भाव 2014 मधल्या सुमारे 310 रुपयांवरून 2016 मध्ये 38 रुपयांवर उतरला. पुढे असे 36 कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. 60 वॉटच्या पिवळ्या बल्बच्या जागी 9 वॉटचा दिवा आला. कोणी शपथ घेतली नाही, कोणी अंधारात बसलं नाही. प्रत्येक घरानं बदलला तो 'एकच दिवा'. मागणी एकवटली म्हणून भाव पडला, आणि भाव पडला म्हणून शेजाऱ्यानंही बदलला. सौर पॅनलच्या किमती याच वाटेनं उतरल्या. 2015 च्या पॅरिस कराराआधी शतकअखेरीस चार अंशांच्या आसपास तापमानवाढीचे अंदाज होते; चालू धोरणांवरचे अंदाज आता तीन अंशांच्या आसपास आहेत. तीन अंश हेही संकटच, उन्हात गवंडीकाम करणाऱ्याला विचारा. पण जो एक अंश खाली आला तो कोणाच्या उसाशांनी आलेला नाही.

यावर ठेवणीतला आक्षेप येतो: खरे गुन्हेगार तेलकंपन्या आहेत, आमच्यावर कसली जबाबदारी टाकता? आक्षेपात तथ्य आहे. प्रत्येकानं आपापला कार्बन मोजावा ही टूम लोकप्रिय केली ती बीपी या तेलकंपनीनंच, 2004 च्या सुमारास. पण घरी बसून निराश झालेलं गिऱ्हाईक त्या कंपनीला अपराधी गिऱ्हाइकाहून अधिकच प्रिय असणार. ते पेट्रोल तर भरतंच, वर प्रश्नही विचारत नाही. राहिला 'आधी चीन-अमेरिकेनं उत्सर्जन कमी करावं' हा मुद्दा. भारताचं दरडोई उत्सर्जन खरोखरच कमी आहे, पण ती सरासरी ज्यांच्यामुळे कमी आहे त्यांच्या घरी एसी नाही. 2025 मध्ये देशाच्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, हे सांगितलं की 'प्रत्यक्षातली बहुतेक वीज कोळशाचीच' असं उत्तर मिळतं. तेही खरं आहे, आणि म्हणूनच गच्चीकडे बघायला हवं.

गच्ची सोसायटीची असते, आणि सोसायटी हा महाराष्ट्रातला सर्वांत दुर्लक्षित हवामान-मंच आहे. तिथे पार्किंगवर दोन तास आणि वॉचमनच्या पगारावर एक तास चर्चा होऊ शकते. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे सौर विजेवर चालवायला पीएम सूर्यघर योजनेत किलोवॅटला 18,000 रुपये अनुदान आहे, हा विषय मात्र 'आयत्या वेळचे विषय' या सदरात येतो. तोवर सभासद वडा-चहाकडे वळलेले असतात. पृथ्वीबद्दल हळहळणारे तर सभेलाच येत नाहीत. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. विषयपत्रिका निघण्याआधी सेक्रेटरींना लेखी पत्र द्या आणि सभेला हजर राहा. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब होईलच. हळहळायचं ते तेवढ्यात उरकून घ्या.