तासिकेवरचे सर

हाताला पुरेसं काम नसलेल्या माणसाचा दिवस मोकळा असतो, असा ज्यांचा समज आहे त्यांनी सिनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या सरांची डायरी मागून पाहावी. मिळणार नाही, सर ‘गुरुवारी दुपारी जमेल’ म्हणतील. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे कायम सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. सरांच्या वाट्याला त्याच्या निम्म्याच्या आगेमागे तासिका, पैसे शिकवतील तेवढ्याचेच, आणि उन्हाळ्याची सुट्टी स्वखर्चाने. तरी कायमवाल्यांकडे एक डायरी नाही आणि यांच्याकडे दोन आहेत. सात-वीसची तासिका हिरव्या शाईत, तिची तयारी निळ्या, नऊ ते अकरा ‘संदर्भवाचन’ लाल. शनिवारी ‘फाइल अद्ययावत करणे’: नेट, सेट, पीएचडी, जातवैधता, प्रत्येकाच्या तीन साक्षांकित झेरॉक्स, प्लॅस्टिकच्या कप्प्यात उलटसुलट न होता. भरतीची जाहिरात उद्याही निघू शकते. गेली काही वर्षं ती उद्याच निघणार आहे.

हे सगळं सोंग आहे, असं स्टाफरूमचं मत. आधाराला पार्किन्सन आहेच: हाताशी वेळ असेल तेवढं काम फुगत जातं, हे त्याने १९५५ सालीच सांगून ठेवलं. पण पार्किन्सनच्या डोळ्यांसमोर भरपगारी नोकरशाही होती. बिनपगारी वेळेचं काय होतं, ते ऑस्ट्रियातल्या मारिएनथालने दाखवलं. तिथली कापडगिरणी बंद पडली, गावच्या गाव बेकार झालं, आणि मारी याहोडा व तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाची पाहणी करून १९३३ मध्ये ती छापली. वेळच वेळ, वाचनालयाची वर्गणी माफ, तरी पुस्तकं नेणं घटलं. पुरुषांची चालसुद्धा मंदावली होती. संशोधकांनी ती खिडकीआडून घड्याळ लावून मोजली. सर जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढतात ते एवढ्यासाठी. वरच्या मजल्यावर त्यांचं काही नसतं, हा मुद्दा गौण.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. इतक्या टापटिपीच्या माणसाला कॉलेज सोडेल कसं? नॅकच्या फायली, एनएसएसचं शिबिर, वार्षिकांकाची मुद्रितं, सगळं ‘सर, तुमचं अक्षर छान आहे’ म्हणत यांच्याकडे सरकतं. आणि डायरीत जागा रिकामी दिसली की सर हो म्हणतात. शिस्तीत चूक नाही, शाईत आहे: फुकट कामासाठी त्यांनी वेगळा रंगच ठेवलेला नाही. तो ठेवला, तर पानावर हिरवं फारसं दिसणार नाही, हे त्यांना ठाऊक असावं.

बेकार मात्र त्यांना कुणी म्हणू नये. सरकारी श्रमबल पाहणीच्या साप्ताहिक व्याख्येत आठवड्यातल्या एका दिवशी एक तास काम केलं तरी माणूस रोजगारात धरतात. सरांची तासिका ४८ मिनिटांची, म्हणजे एकीने बारा मिनिटं कमी पडतात. सोमवारी त्यांनी लागोपाठ दोन मागून घेतल्या आहेत.