माणसं सांभाळायला शिका : एचआर घेणाऱ्या नवशिक्यांसाठी

एमबीएला एचआर घ्यायचं ठरलं असेल, तर पुस्तकांच्या आधी एका उत्तराची तयारी करा. 'एचआरच का?' हा प्रश्न प्रवेशाच्या मुलाखतीपासून प्लेसमेंटपर्यंत जो तो विचारतो. फायनान्सचं गणित झेपत नाही आणि मार्केटिंगमध्ये उन्हातान्हात फिरावं लागतं, हे खरं कारण पोटातच ठेवा. 'मला माणसांत रमायला आवडतं' असं सांगा. समोरच्याने आपल्या वेळी हेच सांगितलेलं असतं, त्यामुळे तो फार खोदत नाही.

पहिल्याच सत्रात ऑर्गनायझेशनल बिहेविअर, म्हणजे ओबी, समोर येतं. ओबीत पास व्हायला मॅस्लोचा गरजांचा त्रिकोण काढता आला की पुरे. तळाला अन्नपाणी, टोकाला आत्मसिद्धी, मध्ये पट्टीने मारलेल्या रेघा. मॅस्लोच्या १९४३ च्या मूळ लेखात हा त्रिकोण नाही, तो मागाहून इतरांनी काढला. पण हे पेपरात लिहायला जाऊ नका. आकृतीचे गुण आधी पडतात, मजकूर वाचला गेला तर मग. हर्झबर्ग म्हणतो, पगार कमी असेल तर माणूस नाराज होतो, पण पगार वाढवला म्हणून त्याला कामाचा उत्साह येईलच असं नाही. यातला उत्तरार्ध कंपन्यांना तोंडपाठ असतो. मॅकग्रेगरच्या दोन थिअऱ्या मात्र वर्गातच प्रत्यक्ष दिसतात. माणूस मुळात जबाबदार असतो, त्याच्यावर पाळत ठेवावी लागत नाही, ही थिअरी वाय; याच्या बरोबर उलट ती थिअरी एक्स. वाय शिकवण्याआधी सर हजेरी घेतात, आणि पंच्याहत्तर टक्के भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत.

हॉथॉर्नवर प्रश्न हमखास येतो. शिकागोजवळच्या या कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. दिवे वाढवले, उत्पादन वाढलं. दिवे मंद केले, तरी वाढलं. कारण आपल्याकडे कुणी लक्ष देतंय याचंच लोकांना अप्रूप. एवढं लिहिलंत की गुण तुमचे. यावर पुढे पुष्कळ वाद झाले, ते तूर्त सोडा. पण त्याच प्रयोगांच्या अखेरीस टेलिफोनच्या स्विचांची जोडणी करणाऱ्या १४ पुरुषांना एका खोलीत बसवलं होतं. तुकडीने जास्त माल काढला तर सगळ्यांनाच जास्त पैसे, असा हिशोब होता. तरी पठ्ठ्यांनी जोर लावला नाही. दिवसाला किती काम करायचं हे त्यांचं आपसांत ठरलेलं होतं. त्यापुढे कुणी गेलाच, तर शेजारचा त्याच्या दंडावर गुद्दा हाणायचा. फार मागे राहणाऱ्यालाही बोलणी बसायची, आणि चुगलखोराला तर तिथे जागाच नव्हती. आज जास्त काढलं तर उद्या साहेब दर कापेल, अशी त्यांची धास्ती. नोंदी करणारा निरीक्षक त्याच खोलीत बसलेला असायचा, तरी गुद्दे चालूच.

सगळ्या ओबीत मुळातून वाचावं असं हे एक प्रकरण, आणि नोट्समध्ये ते चार ओळींत गुंडाळलेलं असतं. घरात गिरणीत नाहीतर एसटीच्या डेपोत जन्म काढलेले आजोबा असतील, तर त्यांना विचारा. पुस्तक न उघडता तासभर सांगतील. फक्त आपण साहेबाच्या बाजूला बसायची पदवी घेतोय, हे त्यांना शेवटी सांगा.

ग्रुप असाइनमेंटबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. सहांपैकी एकजण काम करतो, एकजण प्रिंट काढून आणतो, उरलेल्यांची नावं पहिल्या पानावर येतात.

कामगार कायद्यांना मात्र जपून. सिनिअरने मोठ्या मनाने दिलेल्या नोट्स १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यावर बेतलेल्या असतील, तर त्यांवर विसंबू नका. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ केंद्रीय कायद्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या. ज्यांनी एकोणतीस पाठ केले, त्यांच्याबद्दल सहानुभूती बाळगा. ग्रॅच्युइटीचं सूत्र तेवढं घोटून ठेवा : शेवटचा महिन्याचा पगार गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले २६. भागायला तीस का नाहीत, असं तोंडी परीक्षेत विचारतात. साप्ताहिक सुट्ट्या वगळल्या की महिन्याचे सव्वीसच दिवस धरतात.

मग येते समर इंटर्नशिप. चाकणला किंवा रांजणगावला एखाद्या कंपनीत दोन महिने टाइम ऑफिसच्या कोपऱ्यात खुर्ची मिळेल. प्रकल्पाचा विषय शोधू नका, तो ठरलेलाच असतो : कर्मचाऱ्यांचं समाधान. प्रश्नावली छापा, 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' असे पाच चौकोन करा, आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये वाटा. हेल्पर आमटीचा हात पुसून कागद घेईल आणि विचारेल, "मॅडम, नाव लिहायचं का?" नको म्हणा. "मग तुम्हाला कसं कळणार कुणी लिहिलंय?" कळायला नकोच आहे, असं समजावून सांगा. तो मान डोलावेल, मागे उभ्या सुपरवायझरकडे एकदा बघेल, आणि सगळीकडे 'सहमत'वर टिक करेल. 'कंपनीत माझ्या मताला किंमत आहे' यावरसुद्धा. त्याचं बघून शेजारचे पाचजण तेच करतील. या खुणांचा रंगीत पाय चार्ट काढा. निष्कर्षात 'बहुसंख्य कर्मचारी समाधानी' असं लिहा, शिफारशीत कँटीनच्या जेवणाचा दर्जा सुधारण्याचं सुचवा. हॉथॉर्नचे ते चौदाजण अहवालात आणू नका, गाइड सर खोडतील.

पदवी हातात पडली की खरं प्रॅक्टिकल घरून सुरू होतं. मामाचा फोन येईल. जुन्या कंपनीतला पीएफ अडकलाय, तू एचआर ना, बघ जरा. त्याला मॅस्लो सांगू नका. आधी यूएएन, म्हणजे पीएफचा क्रमांक, विचारा, मग आधार कार्डाचा फोटो मागवा. बहुतेक कंपनीने नाव एका स्पेलिंगने भरलेलं असतं आणि आधारवर दुसरंच असतं. नाव दुरुस्त करायला जॉइंट डिक्लेरेशन भरावं लागेल, आणि यूएएन जुना असेल तर त्यावर जुन्या कंपनीची मंजुरीही लागेल. तिथल्या एचआरला फोन लावा. तीही माणसांत रमणारीच असणार, पण पहिल्या फोनला उचलणार नाही.