स्किन कुठली?

कोल्हापुरात नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘पेठ कुठली?’ आणि दुसरा ‘तालीम कुठली?’. एवढ्या दोन उत्तरांवर त्याची अर्धी कुंडली मांडून होते. फुटबॉलला हा कुणाच्या बाजूनं घसा फोडणार, गणपतीच्या मिरवणुकीत कुठं नाचणार आणि भांडण लागलंच तर किती पोरं गोळा करणार, सगळं कळतं. आम्ही पडलो राजारामपुरीतले. इथं गल्ल्यांना नावं नाहीत, नुसते नंबर. पेठेचा तोरा आमच्या नशिबीच नाही. ती उणीव आता वहिनींनी भरून काढली आहे. त्यांचा प्रश्न तिसराच असतो.

“भावजी, स्किन कुठली?”

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी आपलं सरळ सांगितलं, “माझीच आहे.”

अशा वहिनी आता गल्लीला एक असतातच. ही जागा तशी पूर्वापार आहे, फक्त माल बदलत आला. आमच्या लहानपणी त्या जागी सांडगे-कुरडया करून देणाऱ्या काकू होत्या. मग फॉल-पिकोवाल्या आल्या, मग उन्हाळ्याच्या सुट्टीत केक शिकवणाऱ्या. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अख्खं जग दिवसाला वीस वेळा हात धुवायला लागलं, तेव्हा वहिनी मोबाइलवर साबण करायला शिकल्या. जग हात धुवायचं थांबलं. वहिनी थांबल्या नाहीत. आता गच्चीवरच्या खोलीत साबण, उटणं, ओठांचं मलम आणि टाचांना लावायचं कोकमतेलाचं लोणी तयार होतं. ‘विकताय का हे?’ असं विचारलेलं त्यांना खपत नाही. साबण बनवून विकायचा तर अन्न व औषध प्रशासनाचा परवाना लागतो, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. त्या म्हणतात, “मी विकत नाही. मी देतो. तुम्ही पैसे देताय.”

(‘मी देतो’ वाचून कुणी दचकू नये. कोल्हापूरच्या बायका ‘करते, जाते’ म्हणत नाहीत, ‘करतो, जातो’ म्हणतात. पुण्याहून आलेली सून पहिले सहा महिने घरात कुणी पुरुष बोलला म्हणून वळून बघत असते.)

माझी तपासणी झाली ती एका रविवारी सकाळी. उद्यमनगरातून मिसळ खाऊन येत होतो, वहिनींनी जिन्यातच धरलं. “साध्या पाण्यानं तोंड धुवा. काही लावू नका, पुसूसुद्धा नका. अर्धा तास गप बसायचं.” कोल्हापूरकराला अर्धा तास गप बसवायचं म्हणजे भूलच द्यावी लागते, पण बसलो. अर्ध्या तासानं त्यांनी टिपकागदासारखा पातळ टिश्यू घेतला आणि कपाळावर दाबला, मग नाकावर, मग हनुवटीवर. दुसरा कागद दोन्ही गालांवर. मग दोन्ही कागद खिडकीत उजेडाला धरून, एक डोळा बारीक करून, गुजरीतल्या सराफानं हिरा बघावा तसं बघितलं. पहिल्या कागदावर मधोमध बटाट्याच्या चकतीएवढा तेलाचा डाग होता. दुसरा कोरा.

“टी-झोन ऑइली आहे.”

टी-झोन म्हणजे मला चहाच्या गाड्यांचा पट्टा वाटला. तर ते कपाळ, नाक आणि हनुवटी मिळून होणारं इंग्रजी टी हे अक्षर निघालं. मी भीत भीत विचारलं, “वहिनी, हे तेल स्किनचं की मिसळीच्या कटाचं?” त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. “गाल ड्राय. टी-झोन ऑइली. कॉम्बिनेशन आहे तुमची.”

खोटं कशाला सांगू, छाती थोडी फुगली. आयुष्यभर आम्हाला कुणी कशात खास म्हटलं नव्हतं. आणि कॉम्बिनेशन! तांबडा आणि पांढरा, दोन्ही रस्से एकाच ताटात. घरी येऊन हिला सांगितलं. ती म्हणाली, “मला नुसतं ड्राय म्हणाल्या,” आणि दिवसभर नीट बोलली नाही.

वहिनींचा माल मुलाच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांच्या कपाटात असतो. मुलगा गेला बेंगळुरूला, पुस्तकं गेली रद्दीत, कपाट राहिलं. त्याला चार कप्पे. सगळ्यात वर ऑइली, मग ड्राय, मग सेन्सिटिव्ह, खाली कॉम्बिनेशन. नॉर्मल नावाचाही एक प्रकार असतो असं मी कुठंतरी वाचलं होतं. विचारलं, तर म्हणाल्या, “असतोय. पण नॉर्मल माणूस मी अजून राजारामपुरीत बघितला नाही.” मध्ये एकदा त्या चांगल्याच खचल्या होत्या. अमेरिकेतल्या लेस्ली बाऊमन नावाच्या त्वचातज्ज्ञ बाईंनी त्वचेचे चार नाही, सोळा प्रकार पाडलेत, असं त्यांना मोबाइलवर दिसलं. तेलकट की कोरडी, नाजूक की दणकट, डाग पडणारी की न पडणारी, सुरकुतणारी की घट्ट, अशा चार जोड्यांचा तो गुणाकार. वहिनी दोन दिवस त्या कपाटाकडे बघत बसल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, “अमेरिकेत घरं मोठी असतात.” विषय संपला.

चेष्टा पुरे, बाई कामाला पक्क्या आहेत. साबण करणं म्हणजे फुलं वाटून साच्यात ओतणं, असा माझा समज होता. प्रत्यक्षात तो कॉस्टिक सोड्याचा मामला. सोडा पाण्यात पडला की पाणी विस्तव न लावता वाफाळतं आणि नाकात झिणझिण्या येतात. त्या वेळी वहिनी हातात रबरी मोजे घालतात आणि डोळ्यांना जपायला मालकांचं स्कूटरचं हेल्मेट, काच खाली ओढून. पाण्यात सोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधी ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं, हे वाक्य त्या भिंतीवर लिहून लावून मोकळ्या झाल्यात. मग तेलं. इथं त्यांनी मला एक उलटी गोष्ट शिकवली. खोबरेल म्हणजे अंग मऊ करणारं, हे आपल्याला आजीपासून माहीत. पण साबणात खोबरेल जास्त झालं तर तो फेस भसाभसा देतो आणि अंगावरचं होतं नव्हतं तेवढं तेलही ओढून नेतो. म्हणून ते ऑइलीवाल्यांना. ड्रायवाल्यांच्या साबणात खोबरेल कमी, शेंगतेल आणि एरंडेल जास्त, आणि सोडा जरा हात राखून, म्हणजे थोडं तेल साबण न होता तसंच मागं राहतं. हे सगळं त्या ग्रॅममध्ये मोजतात. आमटीत मीठ मात्र अंदाजानं.

साचे म्हणजे मिठाईचे रिकामे खोके, आतून बटर पेपर लावून. वड्या पाडल्या की चार ते सहा आठवडे वाळवायच्या. साबण झाला की नाही हे बघायची एक जुनी रीत आहे, ती जिभेची. वडीला जिभेचं टोक लावायचं. झटका बसला तर सोडा शिल्लक आहे, नुसती साबणाची चव लागली तर झाला. हे काम मालकांकडे. ते पाटबंधाऱ्यातून रिटायर झालेले, मितभाषी गृहस्थ. मितभाषी आधीपासून होते की जीभ कामाला लागल्यापासून, हे मला अजून उमगलेलं नाही.

हळदीच्या साबणाची गंमत तर मी डोळ्यांनी बघितली. सांगलीची उत्तम हळद आणली होती. घाणात पडली आणि पिवळं व्हायच्या ऐवजी सगळं लालभडक. वहिनींनी हेल्मेटच्या आत “अगं आई गं” म्हटलेलं बाहेरपर्यंत ऐकू आलं. दारात बसलेल्या त्यांच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, शांतपणे म्हणाल्या, “कुंकू केलंस की. हळदीला चुना लागला की कुंकूच होतंय.” सोड्याचं आणि चुन्याचं गोत्र एकच, हे ज्ञान आत्याबाईंना कुठल्याही मोबाइलशिवाय होतं.

या आत्याबाई म्हणजे वहिनींच्या धंद्यातला एकमेव विरोधी पक्ष. वय ब्याऐंशी, कातडी तुकतुकीत, जन्मात हरभऱ्याच्या पिठापलीकडे तोंडाला काही लावलं नाही. दिवाळीला उटणं, तेही आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा पाट्यावर वाटलेलं. वहिनींचं ठाम मत, की जे ‘नॅचरल’ ते बाधत नाही. एकदा त्या चेहऱ्यावर दूध, दही, मध असा लेप थापून बसल्या होत्या. आत्याबाई त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “अंबाबाईला पण हेच घालत होते. मूर्ती झिजायला लागली तेव्हा मूळ मूर्तीवरचे अभिषेक थांबवून उत्सवमूर्तीवर करायला लागले. २०१५ साली पुरातत्त्व खात्याची माणसं येऊन लेपन करून गेली. तो तर दगड होता, बाई.” आणि हात जोडून देवळाच्या दिशेला नमस्कार केला. वहिनींनी निमूटपणे तोंड धुतलं.

पण त्यांनी ते मनावर घेतलं, हेही सांगायला हवं. तेव्हापासून नवीन गिऱ्हाइकाला त्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावायला लावतात आणि दोन दिवस थांबवतात. लिंबू चोळून उन्हात क्रिकेट खेळून आलेलं एक पोर गालावर काळे चट्टे घेऊन आलं, तेव्हा त्याला साबण दिला नाही, शिव्या दिल्या. सातव्या गल्लीतल्या एका बाईंनी अंगावर उठलेलं दाखवलं, तर “ह्याला साबण नाही, डॉक्टर लागतोय,” म्हणून रिक्षात बसवलं. हातातलं गिऱ्हाईक असं सोडून देणारे मी बाजारात फार बघितलेले नाहीत.

तर माझं कॉम्बिनेशन व्यवस्थित चाललं होतं. संशय आला तो पावसाळ्यात. जुलैमध्ये सगळं कोल्हापूर सकाळी उठून राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतं, एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका. वहिनी त्याच वेळी साबण बघत असतात, कारण साबणातलं ग्लिसरीन हवेतला ओलावा ओढतं आणि वड्यांना घाम फुटतो. त्या आठवड्यात मला घाम फुटलेल्या सहा वड्या मिळाल्या. “कॉम्बिनेशनला चालतात.” आधी दिवाळीत लाल हळदीचाही मलाच आला होता. जानेवारीत एक वडी अर्धी पांढरी, अर्धी राखाडी, तीही माझीच. तेव्हा मला वाटलं होतं, दोन रंग म्हणजेच कॉम्बिनेशन असणार.

आणि मग गुळाचा साबण आला.

कोल्हापूरचा गूळ जगात जातो, मग साबणात का नाही, हा विचार तसा बिनतोड. गंगावेशीतल्या कट्ट्यावरून म्हशीचं धारोष्ण दूध आणलं. सोडा दूध जाळतो म्हणून ते आधी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं. इथपर्यंत शास्त्र बरोबर. मग चांगला केशरी गूळ किसून घातला, आणि हात जरा सढळ पडला. गोड पदार्थानं साबण आतून तापतो, हे त्यांनी वाचलं होतं. किती तापतो, ते लिहिलेलं नव्हतं. खोका चादरीत गुंडाळून ठेवला आणि आम्ही सगळे चहाला खाली बसलो. वीस मिनिटांनी वरून वास आला. गुऱ्हाळात काहील उतरवायच्या वेळेला येतो तसा, पण वर अमोनियाची फोडणी. पळत गेलो. मिठाईच्या खोक्याच्या मधोमध साबण भेगाळून वर आला होता आणि तपकिरी लाव्हा सावकाश, कुणाची भीड न बाळगता, कपाटाच्या दिशेनं निघाला होता. वहिनी हेल्मेट शोधत होत्या. मालक पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले, “जीभ लावणार नाही मी.” आत्याबाई दारातून म्हणाल्या, “भेंडीचं पाणी मारा, मळी वर येईल.”

सगळं खरवडलं, किसलं, मंद आचेवर पुन्हा वितळवलं आणि थापलं. रंग ढेपेचा, अंग खडबडीत, वास मात्र खरोखर सुंदर. महिन्याभरानं सव्वीस वड्या कपाटात गेल्या. कुठल्या कप्प्यात, ते मी विचारलं नाही. दारातच बारा वड्यांची पिशवी हातात आली.

“वहिनी,” मी म्हणालो, “एक विचारू? अख्ख्या गल्लीत कॉम्बिनेशन स्किनचे आम्ही किती जण?”

त्यांनी जरा आठवल्यासारखं केलं. “तुम्ही आणि आमचे मालक.”

परवा तळमजल्यावर नवीन भाडेकरू आला, कॉलेजचा पोरगा, सोलापूरकडचा. मी जिन्यात चपला घालत होतो. वहिनींनी त्याला गाव विचारलं, जेवायचं कुठं विचारलं आणि मग ठरलेला प्रश्न.

“ऑइली आहे काकू,” पोरगा म्हणाला. “डॉक्टरांनी सांगितलंय तसं.”

वहिनींनी कपाटाकडे बघितलं. वरचा कप्पा रिकामा होता. खालच्यात चौदा तपकिरी वड्या.

“तिकडं असेल,” त्या म्हणाल्या. “इथं बोअरचं पाणी आहे बाळा. एक महिन्यात कॉम्बिनेशन होतीय बघ.”

पोरानं माझ्याकडे बघितलं. मी कपाळावरून हात फिरवला, गालावरून फिरवला आणि मान हलवली.