हातोडी लपवून ठेव

"काऊन गं, सकाळपासून ठणठण काय चालू आहे तुमच्याकडे?"

"काय सांगू काकू, हे सासऱ्यांची सीडी हंड्रेड मोटरसायकल खोलून बसले आहेत. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो होऊन नाग नदीचं पाणी घरात आलं, तेव्हा सीटपर्यंत बुडली होती. वरवर पुसली अन् जिन्याखाली टाकली. आता मागचा एक्सल हलत नाही, अन् इंजिनच्या कव्हरचे स्क्रू घासून गोल करून ठेवले."

"कोपऱ्यावरच्या भाऊजींनी सल्ला दिला असंल."

"हो ना! मोठी हातोडी घ्या म्हणे."

"तो सांगतो बाप्पा! स्वतःच्या गाडीचा बोल्ट अर्धा आतच तोडून बसला, अन् घरी सांगितलं की माल खराब. त्याची बायकोच भिशीत सांगत होती."

"अगं बाई! मंग आम्ही काय करावं?"

"हे पाय. माझे बाबा अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. लोखंड गंजलं की फुगतं, बोल्ट आतल्या आत आवळून बसतो. जोर लावला की बोल्टच तुटतो. आज रात्री एक्सलवर डब्ल्यूडी-४० मार, उद्या सकाळी परत मार. मग बारीक टकटक कर, म्हणजे तेल आत झिरपतं. नट खोलायच्या आधी किंचित आवळून पाहायचा. गंजाची पकड तिथंच सुटते."

"अन् कव्हरचे स्क्रू?"

"ती तर होंडाची जात. जुन्या गाड्यांत जपानी फुलीचे स्क्रू असतात, आपला फिलिप्स पेचकस त्यात पुरता बसत नाही, जोर दिला की उसळतो अन् फुली खातो. लोहाओळीच्या बाजारातून इम्पॅक्ट ड्रायव्हर आण म्हणा. वरून ठोका मारला की तो दाबतोही अन् फिरवतोही. तरी नाही निघाला, तर कव्हर गरम करायचं. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, स्क्रू सैल पडतो. पण टाकी आधी उतरवा अन् मारलेलं तेल पुसून घ्या, नाहीतर भडका उडंल."

"किक तर दगडासारखी बसली आहे. काल उभे राहून उड्या मारून राहिले होते तिच्यावर."

"थांबव त्याला! पिस्टन सिलिंडरला धरून बसला असंल. प्लगच्या भोकातून तेल सोडून दोन-तीन दिवस मुरू द्या. मग वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हातानं मागं-पुढं करा, हळूहळू."

"तुम्हीच या ना काकू सांगायला."

"मी नाही यायची. बायांचं ऐकतील का ते? तू म्हण, मोबाईलवर व्हिडिओत पाहिलं. मुकाट्यानं ऐकतात बघ. अन् हो, ते कोपऱ्यावरचे भाऊजी तुमच्याकडंच येऊन राहिले. पळ, आधी हातोडी लपव!"